मिरच्यांची धुरी

लेखणी हाती धरण्याचा माझा अधिकार नाही. उतारवयात हे धाडस करतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परवा शेजारी फोडणीत मिरची करपली आणि तो ठसका मला वाटूरजवळच्या आमच्या गावी घेऊन गेला. निजामी राजवटीचे ते अखेरचे वर्ष होते. गावावर धाड पडली, घरामागची कडब्याची गंज पेटवली गेली, आणि माझ्या वहिनींनी आपल्या दोन्ही लेकरांना धुरातून ओढून बाहेर काढले. लेकरे वाचली, परंतु त्यानंतर सांजेला कुठेही चूल धुमसू लागली, की वहिनी त्यांना काखेत घेऊन शेताकडे धावत सुटत. घरच्यांनी बाहेरची बाधा मानून देवऋषी आणला. त्याने वहिनींच्या डोक्यावर घोंगडी टाकून निखाऱ्यांवर वाळल्या मिरच्यांची धुरी दिली. घोंगडीतून किंकाळी आली, “लेकरं भाईर काढा, गंज जळून राह्यली!” आई कळवळून म्हणाली, “लेकरं हायेत की बये माझ्यापाशी, बघ तरी!” देवऋषी खूश झाला. “आता बोलून राह्यली तिच्यातली! जल्दी आणा मिरच्या, बिलकुल सोडू नका.” दुसरी मूठ पडली. हळूहळू घोंगडीखालची धडपड थांबली आणि ‘उतरलं’ म्हणून साऱ्यांनी हात जोडले. वहिनी त्यानंतरही घरात वावरत राहिल्या, परंतु पुन्हा कधी धावल्या नाहीत. लेकरांना त्यांनी पुन्हा हाकही मारली नाही. भ्यालेले मन एका वासासरशी त्याच आगीत परत जाते, हे मला आता पुस्तकांतून कळते. त्या दिवशी वहिनी बऱ्या झाल्या, असे तुम्ही म्हणाल का?