शेवटच्या पंगतीला बसलेले व्याही

वाऱ्याशी उभा दावा मांडून सत्तरी ओलांडलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला.

आमची सूनबाई आयरिश. तिचे वडील आयर्लंडातल्या नास गावाबाहेर चार मेंढ्या आणि दोन रायफली बाळगून एकटेच राहतात. मुलगा इथं औषधाच्या कारखान्यात इंजिनियर. मी त्याच्याकडे राहायला आलो तेव्हा तो म्हणाला, "बाबा, ते जरा वेगळे आहेत. सांभाळून घ्या." मी म्हटलं, मुलाचा बाप मी, सांभाळून त्यांनी घ्यायचं. पण या देशात वरपक्षाला काडीची किंमत नाही. पहिल्या भेटीत व्याह्यांनी ना नारळ दिला, ना टोपी-टॉवेल. लहान निशाणांची एक मोळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही त्या माळावर रोवायची. एका रेषेत." मी रोवली. त्यांचं का ऐकलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आमचं जमलं ते कानांमुळे. माझे कान पिठाच्या गिरणीनं नेले, त्यांचे बंदुकीनं. दोघंही ओरडून बोलतो, त्यामुळे एकमेकांची भाषा धड येत नाही हे फारसं जाणवत नाही. अडलंच तर सूनबाई आहे. तिनंच त्यांना 'व्याही' हा शब्द शिकवला. ते 'व्याई' म्हणतात आणि असं म्हणतात की दोन शेतं पलीकडची कुत्री उठतात.

त्यांच्या क्लबात लांबच्या नेमबाजीचे सामने होतात आणि ते सगळे हेच भरवतात. सिमेंटच्या टेबलावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर रायफल, मागे स्टुलावर माणूस. लांबवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या. मधोमध लागल्याच पाहिजेत असं नाही. पाचही एकमेकींना चिकटून लागल्या की झालं. म्हणजे नेम चुकला तरी चालेल, पण पाचही वेळा सारखाच चुकला पाहिजे. हा खेळ मला तिथंच पटला. आमच्या घराण्याची रीत हीच.

आता या खेळात वैरी एकच, वारा. म्हणून ती निशाणं. व्याही वाऱ्यावरचा डोळा कधीही काढत नाहीत. गणपतीत घरी आरती चालली होती. सगळे देवाकडे बघत होते, हे उदबत्तीच्या धुराकडे. आरती संपायच्या आत म्हणाले, "डावीकडून. हलका." नातीच्या बारशाला लोकांनी वाळे आणले, पैंजण आणलं, यांनी चौकटीत बसवलेला कागद आणला. कागदाला एक भोक. मी मुलाला म्हटलं, फाटका कागद आणलाय रे यांनी. तो म्हणाला, "बाबा, त्या पाच गोळ्या आहेत." तरुणपणच्या. मग मी तो नीट धरून पाहिला. पैंजण काय, सोनार देतो.

सामन्याच्या दिवशी मात्र व्याही म्हणजे लग्नघरचा कारभारी. कुणाला कुठलं टेबल द्यायचं ते तेच ठरवणार. डंडॉक गावचे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, तर एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. नेम धरलेला असताना मागे कुणी पाय आपटायचा नाही, नाक ओढायचं नाही. एकदा मी मागे बसून चिवड्याची पिशवी उघडली. चर्रर झालं. व्याही तरातरा आले, पिशवी घेतली, सगळा चिवडा स्वतःच्या टोपीत ओतला, टोपी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आता खा." पाऊस भुरभुरत होता, ते तसेच बोडके उभे राहिले.

स्वतः मात्र ते कधी खेळायला बसत नसत. रायफल दर वेळी गाडीतून आणत, पुसत, परत नेत. "भरवणाऱ्यानं खेळायचं नसतं," म्हणत. मला याचं फार कौतुक. यजमान शेवटी जेवतो, हे आमच्याकडे लहान पोराला कळतं. इथं निदान एकाला तरी कळलं.

यंदा क्लबाच्या नव्या मंडळींनी सांगितलं, लांबच्या सामन्याला आठ माणसं जमली नाहीत तर हा सामना कायमचा बंद. व्याह्यांनी महिनाभर फोन केले. त्या सकाळी सात आले. आठवा एक दंतवैद्य; त्याची पाठ धरली, तो येत नाही म्हणाला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या बाई व्याह्यांना म्हणाल्या, "तुम्हीच बसा की." हे म्हणाले, "नाही," आणि सरळ उभं असलेलं एक निशाण सरळ करायला माळावर निघून गेले.

मी त्यांच्या मागे गेलो. म्हटलं, "व्याही, आमच्याकडे यजमान शेवटी जेवतो, पण जेवतो. उपाशी उठत नाही. हात धरून बसवावं लागतं त्याला. चला!" हात धरला, आणला, स्टुलावर बसवला. सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, अख्ख्या आयर्लंडला रीतभात शिकवली मी.

त्यांनी पाच गोळ्या मारल्या. कागद आला. त्यावर चार भोकं, भांडण होऊन चार कोपऱ्यांत जाऊन बसलेल्या भावकीसारखी. पाचवं नव्हतं. ते सापडलं शेजारच्या कागदावर. या खेळात शेजारच्या कागदावर गोळी जाणं म्हणजे शेजारच्याच्या ताटात हात घालणं. शेजारी एक ट्रकवाला होता, दांडगा गडी. तो खाली बघत म्हणाला, "सहा मीच मारल्या असतील. मोजायला चुकलो."

"नियम आहे," व्याही म्हणाले, आणि स्वतःलाच दंडाचे गुण लावले. मग निकाल वाचला. शेवटच्या नंबरापासून वाचायची पद्धत, म्हणून पहिलं नाव त्यांचंच आलं. ते त्यांनी सगळ्यात मोठ्यानं वाचलं.

सामना टिकला. सगळे त्यांच्या पाठीवर थाप मारून गेले. परतताना गाडीत मी विचारलं, "हात थरथरतो का?"

"डोळे," ते म्हणाले. "बरीच वर्षं. गाडीपुरते चष्म्यानं भागतात, तिकडच्या कागदापुरते नाही."

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगून काय? बसलो नव्हतो तोवर मी चांगला नेमबाज होतो."

नासच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली.

"व्याई, पुढच्या वर्षी आठ जण येतील ना?"

"येतील की. त्या दंतवैद्याला मी आणतो, पाठीसकट."

"आणि तो नाही आला तर?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं हळूच हॉर्न दिला, तरी ते माझ्याकडेच बघत होते. मी हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"चला," म्हटलं, "आधी घरी चला."