वखारीतली भरीव टायरांची लॉरी

मुलुंडला आग्रा रोडच्या कडेला पत्र्याची एक शेड होती आणि तिच्यात धाकू राऊळ बसायचा. पाण्याचा पंप, पिठाच्या चक्कीचं इंजिन, शिवणयंत्र, अडकलेलं कुलूप, जे येईल ते तो घ्यायचा. आधी हलवून बघायचा, मग कान लावायचा आणि मग बराच वेळ काहीच बोलायचा नाही. गिऱ्हाईक कंटाळून विचारायचं, "होईल ना रे दुरुस्त?" धाकू म्हणायचा, "बघूया." होणार असलं तरी बघूया आणि होणार नसलं तरी बघूया.

त्याआधी बावीस वर्षं तो परळच्या एका गिरणीत वाफेच्या इंजिनावर होता. दोन माणसं उंच चाकाचं ते धूड. धाकू त्याला तेल घालायचा आणि कुठलं बेअरिंग तापणार हे तापायच्या आधी सांगायचा. पुढे गिरणीने विजेच्या मोटारी बसवल्या आणि ते इंजिन तोडून तुकड्यातुकड्याने बाहेर नेलं. धाकूला मोटारींवर काम देत होते. आठ दिवस तो गेला. नवव्या दिवशी "बटण दाबायला माणूस कशाला लागतो?" असं म्हणून हिशेब घेऊन निघाला. आयुष्यात झटक्यासरशी घेतलेला हा त्याचा एकच निर्णय, आणि तो बरोबर होता की चूक याची त्याला मुलुंडला येऊन चार वर्षं झाली तरी खात्री नव्हती.

छप्पन्न सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. नंदकिशोरशेठ शेडवर आले. स्टेशनपलीकडे मिठागरांच्या वाटेवर त्यांच्या वडिलांची गवताची जुनी वखार होती. वडील वारले होते, धंदा कधीच बसला होता आणि शेठ ती जागा बिल्डिंग बांधणाऱ्या एका मंडळीला विकायला निघाले होते.

"धाकूभाई, दरवाजा उघडून दे. दहा वरस झाली, सरकतच नाय. आतमधी कायपण नाय, जुनी बारदानं असतील. पण घेणारे लोक आतून बघणारच ना?"

दार लोखंडी, रुळावर सरकणारं. गंजून रूळ आणि चाकं एकजीव झाली होती. धाकूने घासलेट ओतून दोन दिवस मुरू दिलं आणि तिसऱ्या दिवशी पहारीने ते हातभर सरकवलं. तेवढ्या फटीतून दोघे आत शिरले. बारदानाचे ढीग, उंदरांनी केलेला भुगा, फुटक्या कौलांतून पडलेले उन्हाचे कवडसे. आणि अगदी मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली काहीतरी मोठं. धाकूला वाटलं, बॉयलर. त्याने ताडपत्री ओढली तर ती हातात चिंध्या होऊन आली आणि मागे पितळी रेडिएटर दिसला, काळाठिक्कर पडलेला.

ती लॉरी होती. पण आग्रा रोडवरून दिवसभर ज्या जायच्या त्यांतली नव्हे. दारं नव्हती, पुढे काच नव्हती. चाकांना बैलगाडीसारखे लाकडी आरे, टायर भरीव रबराचे, हवा भरायची सोयच नाही. मागच्या चाकाला फिरवायला सायकलला असते तशी साखळी, फक्त मनगटाएवढी जाड. रेडिएटरवर बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी असायला हवी होती तिथे स्क्रूची चार भोकं होती.

"अरे! ही तर बापूजींची लॉरी!" शेठ म्हणाले. "मी समजत होतो, लढाईच्या टायमाला विकली."

पुढे इंजिन सुरू करायचं हँडल होतं. ते जाम असणार हे धाकूला ठाऊकच होतं. तरी त्याने हात घातला. हँडल पाव फेरा फिरलं आणि मग हाताला मऊसा अटकाव लागला. म्हणजे पिस्टन मोकळे होते आणि आत अजून दाब धरत होता. त्याने हँडल सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा तेच.

"मंगळवारी भंगारवाला येतो," शेठ म्हणाले. "बारदानाबरोबर हिलापण तोडून नेईल."

"तोडायची कशाला?"

"मग काय पूजा करू? तुला पायजे? त्याच्याच भावात तू ने. तुझ्याकडून जास्ती थोडीच घेणार?"

"बघूया," धाकू म्हणाला.

शेठनी तो होकार समजला. संध्याकाळपर्यंत बाजारात झालं की धाकू राऊळाने लॉरी घेतली.

घरी मालनच्या कानावरही ते गेलंच होतं. मालन त्याची बायको. परळला होती तेव्हा बारा गिरणीवाल्यांची खाणावळ एकटीने चालवायची. धाकूला गिरणीतून मिळालेले पैसे आणि तिच्या खाणावळीची शिल्लक मिळून दोघांची स्वतःची खोली घ्यायची ठरली होती. बाहेर माणसांशी ती चारचौघांसारखं बोले, पण घरात दोघांची मालवणीच चाले.

"लॉरी घेतलात म्हणे?"

"घेवक नाय गो. बघूया म्हटलंय."

"कशाक व्हयी ती आपल्याक?"

धाकू भाताचा घास हातात धरून विचार करत राहिला. कशाला हवी, हे त्याने स्वतःला विचारलंच नव्हतं. "म्हायत नाय," तो म्हणाला. "इंजिन फिरता तिचा."

"फिरता तर फिरांदे. चक्कीवाल्याचाय फिरता. ता घेतलात?"

त्याने घास तोंडात घातला.

मालनचा भाऊ बाळा भांडुपच्या एका खाणीवर ड्रायव्हर होता. ट्रॉम्बेला सरकारचं काहीतरी मोठं बांधकाम निघालं होतं, तिकडे तो खडी पोचवायचा. लॉरीतलं त्याला कळतं म्हणून धाकूने त्याला वखारीत नेलं. बाळा बघून हसतच सुटला.

"भावोजी, हिला बैल जुंपा, बैल! कागद नाहीत, पासिंग होणार नाही, पार्ट कुठे मिळणार नाहीत. आणि हे टायर? रस्त्यावर चालवाल तर कमरेची वाट लागेल. पैसे बुडाले समजा."

"मग नको घेऊ?"

"विचारताय काय! नावच काढू नका."

धाकूला हलकं वाटलं. सुटलो बुवा, असं. पण बाळा जायचं नाव घेईना. तो सीटवर चढला, चाक फिरवून बघितलं, खाली उतरून साखळी हातात घेतली, मग शर्टाच्या टोकाने रेडिएटरचा एक कोपरा घासत बसला. पितळ पिवळं दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "भावोजी, तोडू देऊ नका हो हिला."

"अरे, तू आत्ताच म्हणालास..."

"ते खरंच आहे. एक शब्द मागे घेत नाही. पण तोडू देऊ नका."

आता यातून माणसाने काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी धाकू एकटाच गेला आणि इंजिनावरची माती झटकत बसला. दार उघडं दिसलं म्हणून मिठागरावरचा म्हातारा आगरी, हिरू म्हात्रे, आत डोकावला. लॉरी बघून तो दारातच थांबला.

"ही अजून हाय? ही मढ्यांची गारी हाय बाबा. मानमोरीची साथ आली व्हती ना, पयल्या लढाईच्या टायमाला, तवा मानसं पटापट मरत. ही गारी फिरायची. मी या डोल्यांनी बघितलंय. खांदा द्याया चार जन मिलत नवते, तवा हिच्यात घालून न्यायचे."

धाकू तडक शेठकडे गेला. शेठ संतापले. "खोटी गोष्ट! बापूजींनी बावीस साली नवी कोरी आणली, बंदरावरून. माझ्या मोठ्या बहेनची वरात हिच्यातून घाटकोपरला गेली. मी पुढे बसला होता, आठ वरसचा!"

धाकू परत वखारीत आला आणि त्याने पट्टीने रंग खरवडला. वर हिरवा. त्याखाली करडा. करड्याखाली पुन्हा हिरवा. एके ठिकाणी अक्षरासारखं काही निघालं, पण ते अक्षर की ओघळ, हे सांगता येईना. हिरू शपथ घेत होता, शेठही शपथ घेत होते. आपण मढ्यांची गाडी घेतोय की वरातीची, हे कळल्याशिवाय ती घ्यायची की नाही हे कसं ठरवायचं? आणि समजा कळलं, तरी इंजिन तर तेच होतं. धाकूचं डोकं भणाणून गेलं. गिरणीत बिघाड झाला की निदान कुठून आवाज येतो हे तरी कळायचं.

रविवारी त्याने मालनला हिरूची गोष्ट सांगितली. ती ऐकून मालन साफ "नको" म्हणेल आणि हा घोळ एकदाचा संपेल, असं त्याला वाटत होतं. पण तिने नको म्हणावं म्हणून आपण सांगतोय, की इतकं ऐकूनही तिने हो म्हणावं म्हणून, हे त्याला सांगता सांगताही उमजलं नाही.

मालन उठून मोरीकडे गेली. भांडी घासून झाल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या बघूक येतंय मी."

सोमवारी दुपारी ती आली. पदर खोचून फटीतून आत शिरली, लॉरीभोवती एक फेरी मारली. मागच्या लाकडी हौद्याच्या फळीवर हात ठेवून उभी राहिली. धाकू तिला साखळी, मॅग्नेटो काय काय दाखवायला लागला, पण तिचं लक्ष नव्हतं.

"माझी आये मानमोडीत गेली," ती म्हणाली. "म्हायत हा ना तुमका?"

धाकूला माहीत होतं. लग्न ठरताना कुणीतरी सांगितलं होतं. मालनने स्वतः मात्र कधी विषय काढला नव्हता.

"मी चार वर्षांची. घराघरात माणसा पडलेली. आयेक उचलूक कोण नाय. दोन दिस ती पडवेत होती. दोन दिस. मगे बापाशीन एकट्यान पाठीर घेवन नेल्यान तिका." तिने फळीवरची धूळ हाताने पुसली. "आमच्या गावात गाडी नाय होती."

बाहेर कुणीतरी मिठाची गाडी हाकत गेलं.

"पण मालन," धाकू हळूच म्हणाला, "शेठ सांगतत ही बावीस सालात इली. मानमोडीच्या टायमाक ही नव्हतीच म्हणे."

"असांदे."

"म्हणजे हिरू खोटा सांगता असात. नायतर दुसरीच खंयची गाडी..."

"असांदे म्हटलंय ना," मालन म्हणाली. "घेवा तुमी."

आणि ती घरी निघून गेली. धाकू तिथेच पायरीवर बसला. त्याला जे हवं होतं ते झालं होतं, पण ते हवं होतं का, हे अजून कळलं नव्हतं. त्यातून ज्या कारणासाठी बायको हो म्हणाली ते कारणच बहुधा खरं नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं. खोली राहिली बाजूला. तिने रागाने म्हटलं असेल का? की खरंच? विचारायला जावं तर तिचा चेहरा आठवून पाय उचलेना.

मंगळवारी भंगारवाला मोठे हातोडे आणि दोन माणसं घेऊन हजर झाला. त्यातल्या एकाने येताक्षणी रेडिएटरवर टिचकी मारून पितळ किती निघेल याचा अंदाज घेतला. धाकू म्हणाला, "हात लावू नकोस. शेठनी मला दिली आहे ती." मग शेठकडे जाऊन त्याने पैसे मोजून दिले.

दार पूर्ण काढून, दोन बैलजोड्या लावून लॉरी बाहेर ओढली तेव्हा निम्मं मुलुंड बघायला लोटलं होतं. मालनने नारळ फोडला. गर्दीत हिरू म्हात्रेही होता. भर उन्हात त्याने लॉरीभोवती चक्कर मारली, वाकून चाकं बघितली आणि डोकं हलवलं. "ही ती नाय रं. ती उंच व्हती. आन तिला वरून झापन व्हतं." मालन चार हातांवर उभी होती. तिने ऐकलं की नाही, ते धाकूला समजलं नाही. ती खोबऱ्याचे तुकडे वाटत होती.

इंजिन चालू व्हायला साडेचार महिने लागले. मिळेना तो पार्ट धाकूने स्वतः घडवला. पहिल्यांदा ते फुरफुरलं तेव्हा शेडमध्ये इतका धूर झाला की शेजारचा वाणी दुकान बंद करून पळाला. पासिंगच्या हापिसात मात्र साहेबाने कागदाशिवाय बोलायचंच नाकारलं. लॉरी शेडमागे उभी राहिली आणि लोक धाकूला हसायला लागले.

मग एक दिवस बाळा आला तो चिडूनच. खाणीच्या आतल्या वाटेवर धोंड्यांच्या धारेने टायर फाटत होते, महिन्यात तीन गेले होते, मालक बोंबलत होता. बोलता बोलता तो थांबला आणि शेडमागे बघायला लागला. खाणीच्या आत पासिंग कोण विचारतो? आणि भरीव रबराला धोंडा काय करणार?

चार वर्षं ती लॉरी भांडुपच्या खाणीत दगड ओढत होती, माणसाच्या चालीने, एकदाही पंक्चर न होता. भाड्याच्या पैशांतून दोघांनी शेडला लागून खोली घेतली. पुढे इंजिनाचा दांडा मोडला तेव्हा धाकूनेच ती खोलली आणि कामाचे भाग शेडमध्ये लावून ठेवले.

बाजारात मात्र धाकूची अक्कल नावाजली गेली. कुणी भेटलं की म्हणायचं, "काय डोकं रे तुझं! भरीव टायर बघूनच घेतलीस ना?" पहिल्यांदा धाकू खरं सांगायचा, की तसं नव्हतं, टायरांचं माझ्या ध्यानातही नव्हतं. कुणी विश्वास ठेवायचं नाही. मग विचारायचे, "तर मग घेतलीस कशाला?"

धाकू हातातला पंप खाली ठेवायचा आणि खरोखरच विचारात पडायचा. इंजिन फिरत होतं, हे एक झालं. मालनच्या आयेचं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि ती गाडी ही नव्हेच. हातोडेवाला रेडिएटरला टिचकी मारत होता, तेही असेल. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं. शेवटी धाकू मान हलवून पंपाचा नट पुन्हा पान्यात धरायचा. खोलीतून मालन हाक मारायची, "जेवक येवा, भात निवता," आणि तो हात पुसत उठायचा.