पाच नंबरच्या माइकवर नरहरीकाका

नरहरी नाईक मुके नव्हते. पण त्यांना सलग दोन वाक्यं बोलताना ऐकलंय, असा माणूस वसईजवळच्या गास गावात शोधावा लागला असता. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत लेखनिक म्हणून काढली. शिक्षकांच्या सभेचं इतिवृत्त तेच लिहायचे, त्यामुळे सगळ्यांचं बोलणं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांचं स्वतःचं मत मात्र एकाही वहीत सापडणार नाही, कारण ते कुणी विचारलंच नव्हतं. निवृत्त झाल्यावर वाडी बघायचे. राजेळी केळी, थोडी पानवेल, बांधावर सोनचाफा. घरी त्यांच्या पत्नी आनंदीबाई बोलत, आणि त्या दोघांच्या वाटणीचं बोलत.

नरहरीकाकांची ओळख होती ती खाकरण्यावरून. आधी चाचपून बघितल्यासारखं एक छोटं 'हं'. मग विहिरीतून भरली बादली ओढावी तसा लांब, खरखरता सूर. आणि शेवटी वर उचललेला एक तुकडा, समोरच्याला काहीतरी विचारल्यासारखा. डॉक्टरांनी घसा बघितला, छातीचा फोटो काढला, काही नाही म्हणाले. काही नाही म्हटल्यावर काकांनीही ते मनावर घेतलं नाही. दर चार-पाच मिनिटांनी खाकरत राहिले.

मी त्या वेळी जितेशच्या केबल वाहिनीवर होते. नालासोपारा पश्चिमेला पिठाच्या गिरणीशेजारी एक गाळा, त्यात आमचा स्टुडिओ. संध्याकाळी मी स्थानिक बातम्या वाचायचे, वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचायचे आणि उरलेल्या वेळात फोन उचलायचे. दर जानेवारीत गासच्या शाळेच्या मैदानावर नऊ दिवसांची व्याख्यानमाला असायची, रोज साडेपाचला. ती आम्ही थेट दाखवायचो. कॅमेरा दुसऱ्या रांगेच्या कोपऱ्यात, खांबाजवळ. आणि खांबाजवळच्या खुर्चीत, गेली तीस वर्षं, नरहरीकाका.

आवाज कॅमेऱ्याच्या स्वतःच्याच माइकने घेतला जायचा. म्हणजे लोकांना घरी सगळ्यात मोठ्याने ऐकू यायचं ते काकांचं खाकरणं. त्याखालोखाल खुर्च्या सरकवल्याचा आवाज, मग बाहेरच्या कुल्फीवाल्याची घंटी, आणि या सगळ्याच्या मागे, पलीकडच्या गावात कुणी बोलत असावं तसे वक्ते. चार वर्षं असं चाललं. मला रोज फोन यायचे, की वक्ते काय म्हणतायत ते तुम्ही तरी सांगा.

दोन हजार दोन साली जितेशने सॅन्टनला आणलं. सॅन्टन चर्चच्या सणाला आणि लग्नांना साउंड लावायचा. त्याच्याकडे आठ माइक जोडता येतील असा मिक्सर होता. तो त्याने बायकोच्या, रोझमेरीच्या, जुन्या चादरीत बाळासारखा गुंडाळून आणला. मैदानावर टेबल टाकून त्याने आम्हाला सगळं समजावून सांगितलं. वक्त्याच्या माइकची वायर मिक्सरमध्ये जाणार. मिक्सरवर प्रत्येक माइकला वर-खाली सरकणारं एक बटण, त्याला फेडर म्हणायचं. ज्याचा फेडर वर त्याचा आवाज मोठा, ज्याचा खाली तो नाहीच. मिक्सरमधून एक वायर मैदानातल्या स्पीकरला आणि दुसरी थेट कॅमेऱ्याला.

"आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा कान बंद करायचा," सॅन्टन म्हणाला. "तो सगळ्या गावाचं ऐकत बसतो."

पहिल्या दिवशी सर्पतज्ज्ञ आले होते. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसत होता आणि आवाज असा, की जणू माणूस आपल्याच पलंगावर येऊन बसलाय. कुल्फीवाला नाही, खुर्च्या नाहीत. वीस मिनिटं एकही फोन आला नाही. मैदानावरून जितेशने मोबाइल लावून मला विचारलं, फोन बिघडलाय का. मी रिसीव्हर उचलून बघितला. चालू होता.

मग पहिला फोन आला. सोपाऱ्याचे एक गृहस्थ विचारत होते, कॅसेट लावलीत काय? मी म्हटलं, थेट आहे. ते म्हणाले, थेट असतं तर नरहरीभाऊ खाकरले असते. दुसरा फोनही तोच. तिसऱ्या बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, भाऊंना काही झालं का? सहाव्या फोनपासून काही झालं का, असं कुणी विचारेनासं झालं. केव्हा झालं, एवढंच विचारायचे.

तिकडे आनंदीबाई घरी टीव्हीसमोर बसल्या होत्या. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. त्या एक्केचाळीस वर्षांत नवरा झोपेतसुद्धा अर्धा तास गप्प राहिला नव्हता. इथे चाळीस मिनिटं झाली. शेजारची फ्लॉसी, मयताच्या घरी नेतात तसा दूध न घातलेला चहा किटलीत घेऊन आली आणि त्यांच्याजवळ बसली. त्यांनी मला फोन केला.

"क्षितिजा, आमच्या ह्यांच्याकडे जरा बघायला सांग गं कुणाला," त्या म्हणाल्या. "जे असेल ते सरळ सांग. मी खंबीर आहे."

मी जितेशला मोबाइलवर गाठलं. त्याने मान वळवून बघितलं. काका खांबाजवळ बसलेले, ठणठणीत, नुकतेच खाकरून झालेले. तालुक्यात अफवा पसरलीय म्हटल्यावर जितेशला एकच उपाय सुचला, आणि तो वाईट नव्हता. त्याने कॅमेरा काकांवर फिरवायला सांगितला.

त्यामुळे घराघरांत दिसलं ते असं. नरहरीकाका खुर्चीत बसलेत. मूठ तोंडाशी गेली, खांदे वर झाले, गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड उघडलं. आणि आवाज आला तो सर्पतज्ज्ञांचा, नागाला कान नसतात म्हणून.

नाईकांच्या ओटीवर तोपर्यंत पंधरा माणसं जमली होती. ती सगळी एकदम मागे सरकली. आनंदीबाई पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "प्राण गेलाय, सवय राहिलीय."

व्याख्यान सातला संपलं. काका नेहमीप्रमाणे चालत घरी आले. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, पायरीशी चाळीसेक चपला, विरारहून त्यांच्या चुलतभावाची सगळी मंडळी आलेली. काका भिडस्त माणूस. त्यांनी आपल्या चपला इतरांच्या शेजारी काढल्या, कडेच्या खुर्चीत बसले आणि शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, कोण गेलं? तो माणूस खाली बघत होता. तो म्हणाला, नरहरीभाऊ. काकांना वाईट वाटलं. पुढे किती तरी दिवस ते हे अगदी प्रामाणिकपणे सांगायचे, की क्षणभर खरंच वाईट वाटलं, भला माणूस होता असंही मनात येऊन गेलं. मग ते खाकरले.

पुढे काय झालं ते सांगत नाही. विरारची एक आत्या दोन दिवस अंथरुणावर होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जितेश, सॅन्टन आणि मी मैदानावर भेटलो. जितेशचं म्हणणं सोपं होतं: काकांना माइक द्यायचा. सॅन्टनला ते पटेना. आयुष्यभर त्याने आवाजातला कचरा काढायचं काम केलं होतं. चर्चमध्ये बिशपसाहेबांच्या मिसाच्या वेळी पहिल्या बाकावर रडणारी मुलंसुद्धा त्याने ऐकू येऊ दिली नव्हती. आता एका माणसाच्या खाकरण्याला वेगळी वायर टाका म्हणत होते. शेवटी त्याने पिशवीतून एक माइक काढला, खांबाला सुतळीने बांधला आणि मिक्सरच्या पाच नंबरला जोडला. त्या फेडरखाली कागदी पट्टी चिकटवून पेनाने लिहिलं, 'न. भाऊ'. आवाज स्पीकरवर जाणार नव्हता, म्हणजे मैदानात वक्त्याला त्रास नाही. फक्त कॅमेऱ्याच्या वायरीतून घरांत.

काका त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले. आनंदीबाईंनी सकाळपासून त्यांना ज्येष्ठमध दिला नव्हता. काका माइकसमोर ताठ बसले, आणि दीड तासात एकदाही खाकरले नाहीत. प्रयत्न करत होते. तोंडाशी मूठ नेत, पुन्हा मांडीवर ठेवत. मिक्सरवरचा पाच नंबरचा लाल दिवा एकदाही लुकलुकला नाही. माझ्याकडे फोन सुरू झाले, आणि विरारची मंडळी, आत्या सोडून, पुन्हा निघाली असल्याचं कळलं.

तिसऱ्या दिवशी सॅन्टन काकांजवळ गेला. वायर काढलीय म्हणाला, माइक नुसता शोभेला आहे, जितेशला बरं वाटावं म्हणून. खोटं होतं. काकांनी सुटकेचा श्वास सोडला, पाठ टेकली, आणि वक्ते अध्यक्षांचे आभार मानत असतानाच ते छोटं 'हं' आलं. मागोमाग बादली वर आली. त्या संध्याकाळी मला एकच फोन आला. आनंदीबाईंचा. त्यांना आवाज थोडा वाढवून हवा होता.

पुढे दोन वर्षं हीच व्यवस्था चालली. सॅन्टन त्या कामात तरबेज झाला. वक्त्याचा फेडर सहावर, काकांचा चारवर. कविसंमेलन असेल तर काका तीनवर. त्यालाही आता पाच नंबर उघडल्याशिवाय चैन पडत नसे. रोझमेरीला तो म्हणाला होता, नुसता वक्ता असला की आवाज भिंतीवर चिकटवल्यासारखा वाटतो. भाऊ आले की मैदान दिसतं.

माइक चालू असतो हे काकांना दुसऱ्या वर्षी कळलं. कसं कळलं ते माहीत नाही. ते चिडले नाहीत. व्याख्यान सुरू व्हायच्या आधी टेबलापाशी आले आणि सॅन्टनला विचारलं, यात माझा कुठला? सॅन्टनने पट्टी दाखवली. काकांनी चष्मा पुसून ती वाचली. मग एका बोटाने फेडर थोडा वर सरकवला, थोडा खाली आणला, जिथे होता तिथे ठेवला आणि जागेवर जाऊन बसले.

दोन हजार पाचच्या व्याख्यानमालेत मुंबईहून एक बाई आल्या होत्या, किनारपट्टीच्या खाण्यापिण्यावर बोलायला. छान बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, वेलची केळ्यांपासून करतात. टेबलावर सॅन्टनला पाच नंबरचा दिवा लुकलुकताना दिसला. त्याने सवयीने हेडफोन कानावर दाबला. पण आलं ते नेहमीचं नव्हतं.

"राजेळी," काका म्हणाले. "सुकेळी राजेळीची होते. वेलचीची नाही."

मैदानात दुसऱ्या रांगेपलीकडे कुणालाही ऐकू गेलं नाही. बाई पुढे गेल्या. घरांत मात्र गेलं, स्वच्छ, कानाशी बोलल्यासारखं. आणि माझा फोन वाजायला लागला. एकामागून एक अकरा. मधेच कोण बोलतोय? त्या माणसाला बंद करा. शिस्त नाही का काही? एक आजोबा फारच संतापले होते. तो उपटसुंभ कोण आहे मला ठाऊक नाही, म्हणाले, पण त्याच्यामुळे आमच्या नरहरीभाऊंचं खाकरणं ऐकू आलं नाही.

मी सांगत होते, तेच आहेत ते. कुणाला पटेना. त्यांचा आवाज असा नाही, असं लोक मला ठासून सांगत होते.

कार्यक्रम संपल्यावर मी मैदानावर गेले आणि सॅन्टनला सगळं सांगितलं. काका शेजारीच उभे होते, त्यांनीही ऐकलं. सॅन्टन वायर गुंडाळत होता, तो थांबला. मला वाटतं, चार वर्षांत त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं, की या माणसाचा गळा त्याने जेवढा ऐकलाय तेवढा कुणीच ऐकला नसेल, आणि तरी आज तोसुद्धा दचकला होता.

"उद्यापासून बंद ठेवू का भाऊ?" त्याने विचारलं.

काकांनी पाच नंबरखालची पट्टी बोटाने नीट दाबून बसवली. "नको," ते म्हणाले. "मला बोलायचंय."

त्यानंतर ते रोज एक वाक्य बोलू लागले. ठरवून नाही, पण एकच. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा सनावळीची दुरुस्ती केली. तिसऱ्या दिवशी नुसतं, हे बरोबर आहे, म्हणाले. फोन आठावर आले, मग पाचावर. एका बाईंनी तर विचारलं, ते मधे बोलणारे गृहस्थ आज आले नाहीत का?

पुढच्या वर्षी समितीने शेवटच्या दिवशी एक वक्ता न आल्यामुळे काकांना उभं केलं. विषय सुकेळी. त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. दोन पानं एकदम उलटली गेली, त्यामुळे केळी सोलायच्या आधीच वाळली. पंचवीस मिनिटांत संपलं. सॅन्टनने त्यांना वक्त्याच्या एक नंबरवर घेतलं होतं, फेडर सहाला. आनंदीबाईंनी नंतर फ्लॉसीला सांगितलं, माणूस बरा बोलतो, मला कधी संधीच मिळाली नाही ऐकायची.

त्या संध्याकाळी फोन एकच आला, नायगावहून. नव्या इमारतीत राहायला आलेल्या बाई होत्या, गच्चीवर सुकेळी करून बघायची म्हणत होत्या. उन्हात किती दिवस ठेवायची ते पुन्हा सांगाल का? मी म्हटलं, विचारून सांगते. तेवढ्यात काका जितेशच्या स्कूटरवरून ऑफिसातच आले, आभाराचा नारळ आमच्या सामानाबरोबर इथे आला असेल म्हणून. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"आठ दिवस," काका म्हणाले. "ढग आले तर नऊ. पण आधी मला सांगा, तुमची गच्ची कुठल्या बाजूला आहे?"

आणि ते माझ्या खुर्चीत बसले. जितेश दारातून खुणा करत होता, लाइन मोकळी ठेवा म्हणून. वीस मिनिटं झाली तरी ते राजेळीवरून हलले नव्हते.