बाटल्या हुंगणाऱ्या बाई

बाटली हातात आली की बाई ती आधी नाकाशी न्यायच्या. मग उजेडात धरायच्या, मग पुन्हा नाकाशी. "धुतलेली आहे हो," असं पेशंटनं सांगितलं, की ठरलेला प्रश्न यायचा, "कशावरून?"

कल्याणला आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि बाई झाडलोटीला, बाटल्या धुवायला. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. त्या काळी पेशंट औषधाला बाटली घरून आणत. कुणाची रॉकेलची, कुणाची एरंडेलाची. तेव्हा बाईंचं हुंगणं गैर नव्हतं. पण त्या मलासुद्धा सोडत नसत. "हे खोकल्याचं," मी म्हणालो, की "कशावरून?" अहो, पंधरा वर्षं मिक्श्चर ढवळलेला माणूस मी! डोक्यात तिडीकच जायची. तेव्हा मी त्यांना अगं-तुगं करायचो. आज तसं लिहायला हात धजत नाही.

बाई तिशी ओलांडलेल्या, विधवा, एका मुलीला घेऊन भावाकडे राहणाऱ्या. भावजय ताटातल्या पोळ्या मोजते, असं एकदा बोलून गेल्या होत्या. पुन्हा कधी नाही.

माझा स्वभाव संशयी नाही. हसू नका. पण तुम्हीच सांगा, झाडू मारणारी बाई औषधांच्या फळीसमोर उभी राहून ओठ हलवते, चुकलेली लेबलं केरातून उचलून कापडी पिशवीत कोंबते, आणि दुपारी दवाखाना मिटला की घरी न जाता भलत्याच दिशेला चालू लागते. तुमच्या मनात पाल चुकचुकली नसती? मोहने गावाकडे कुणी भोंदू वैदू औषधं विकतो, असं कानावर होतं. बाई त्याला आमची लेबलं पुरवतात, कदाचित औषधंही, असं मी जुळवलं आणि डॉक्टरांच्या कानावर घातलं.

डॉक्टर म्हणाले, "सातवी होऊन ठाण्याला नर्सिंग शिकायला जाईन म्हणते. अर्जाला माझा दाखला मागतेय. आता तो द्यायचा थांबतो."

"चौथीत शाळा सोडलेली बाई नर्स होणार? थापा आहेत, डॉक्टर," मी म्हणालो.

पुरावाच हवा म्हणून एक दिवस, बाई मागे मोरीत असताना, मी तपकिरीची चिमूट ओढली, बोटं झटकली आणि खुंटीवरची त्यांची पिशवी सोडली. आत सातवीचं जुनं पुस्तक. लेबलांच्या कोऱ्या बाजूला त्रैराशिकं, आणि रांगेनं उतरवलेली औषधांची इंग्रजी नावं. शिवाय मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंची चिठ्ठी, की ह्यांना दुपारी सातवीच्या वर्गात बसू द्यावं. त्याच शाळेत त्यांची मुलगी दुसरीत होती! आई मागच्या बाकावर, लेक पलीकडच्या वर्गात.

मी घाईघाईनं गाठ मारली. लाज वाटली का? वाटली. डॉक्टरांना सांगितलं का? नाही. चुकलो म्हणायला जीभ रेटेना.

उन्हाळ्यात बाई सातवी पास झाल्या. रोज डॉक्टरांना विचारायच्या, "दाखला झाला?" डॉक्टर म्हणायचे, "बघू." अर्जाला चार दिवस उरले. बाईंचा चेहरा उतरला, आणि मी मूग गिळून पुड्या बांधत राहिलो.

तेवढ्यात तापाची साथ आली. गर्दीत मी एका म्हातारबुवांना खोकल्याची बाटली दिली. बाई झाडू टाकून पुढे आल्या, बूच काढून हुंगलं.

"हे खोकल्याचं नाही."

"कशावरून?" मीच ओरडलो.

त्यांनी बाटली माझ्या नाकाशी धरली. गुडघ्याला चोळायचं टर्पेंटाइन! माझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर आतल्या खोलीत होते. बाईंनी एक हाक मारली असती, तर माझी नोकरी गेली असती.

त्यांनी बाटली मोरीत ओतली. "बाबा, बाटलीला वास येतोय. धुऊन देते, बसा जरा." माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी तडक आत गेलो आणि सगळं ओकलो. टर्पेंटाइनचं, शाळेचं, माझ्या खोट्या आळाचंही. पिशवी उघडल्याचं तेवढं गाळलं. डॉक्टरांनी मला असा झापला की बाहेरच्या पेशंटांनी माना वळवल्या, आणि लगेच दाखला लिहिला. इंग्रजीत होता. मी बाईंना वाचून दाखवला. "चांगलंच लिहिलंय हो."

"कशावरून?" म्हणाल्या, आणि मोठ्या बाईंकडून पुन्हा वाचून घेऊन आल्या!

त्यानंतर सहा वर्षांनी मी ठाण्याच्या एका इस्पितळात हर्नियाच्या ऑपरेशनला पडलो होतो. दुपारी औषध घेऊन पांढऱ्या साडीतल्या सिस्टर आल्या. बाईच! खाटेचा कागद उचलून म्हणाल्या, "नाव?"

"अहो बाई, मी! कंपाउंडर!"

"कशावरून?" म्हणाल्या, आणि हसल्या. कागदावरचं नाव वाचलं, बाटलीवरचं वाचलं, औषध हुंगलं, मग दिलं. मुलगी आठवीत होती. दोघी तिथेच क्वार्टरमध्ये राहत होत्या. "आता पोळ्या कुणी मोजत नाही," म्हणाल्या.

मला राहवेना. "बाई, त्या वेळी तुमची पिशवी मी उघडली होती."

"माहीत होतं."

"कशावरून?"

"आठवडाभर पिशवीला तपकिरीचा वास येत होता, भाऊ."

म्हणजे टर्पेंटाइनच्या दिवशी त्यांना हे ठाऊक होतं. दाखला का अडलाय, तेही कळलंच असणार. मी कूस बदलली. डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसायला नको होते.

मला घरी सोडलं त्या दिवशी त्यांची ड्यूटी नव्हती. पुन्हा त्या भेटल्या नाहीत. खाटेच्या कागदावर, दुपारच्या प्रत्येक औषधासमोर, त्यांची सही होती. इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं. मी खाटेवर बसलो आणि त्या सगळ्या सह्या वाचल्या.