जेवलो, पण सही नाही केली

व्हर्लीन स्ट्राउडला फुकटाचा भारी मोह. ती हे लपवायची नाही, उलट हसत सांगायची. बँकेने छत्री दिली म्हणून तिने खातं उघडलं, गाद्यांच्या दुकानाने उशी दिली म्हणून गादी घेतली. आयुष्यभर शाळेची बस चालवली, पोरांच्या एका थापेला कधी फसली नाही. पण कुणी ‘मोफत’ म्हटलं की बाई विरघळलीच.

सिकॅमोर बेंडची मेंबरशिप तिच्या गळ्यात पडली तीही अशीच. मिसूरीच्या डोंगरांत, नदीच्या वळणावरचं हे कॅम्पग्राउंड. ‘नुसतं बघायला या, शेगडी मोफत न्या’ असं बोलावणं आलं आणि ती नवऱ्याला, लाईलला, ओढून घेऊन गेली. परत येताना गाडीत शेगडी होती आणि नावावर आजीव मेंबरशिप. घरी पोचेपर्यंत लाईल तिच्याशी बोलला नाही. शेगडी त्याच उन्हाळ्यात मोडली.

मेंबरशिप मात्र टिकली. वर्षाची ठरलेली वर्गणी भरायची, वसंतात ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, नदीकाठी आणून लावायचा आणि पानं गळेपर्यंत हलायचं नाही. पुढे लाईललाही या जागेचं इतकं वेड लागलं, की ती आपलीच कल्पना होती असं तो चारचौघांत सांगू लागला. तो गेल्यावर मुलीने आईला शहरात राहायला बोलावलं. व्हर्लीन हिवाळ्यापुरती गेली आणि थंडी ओसरताच ट्रेलर जोडून परत आली. इथे तिला सकाळी चार माणसं हाक मारायची. शहरात लिफ्टमध्येसुद्धा कुणी बोलत नव्हतं.

आणि मग म्हाताऱ्या मालकाने कॅम्पग्राउंड विकलं. टेक्सासच्या कुठल्याशा कंपनीने घेतलं. फाटकावर नवी पाटी लागली, ऑफिसात नवी माणसं आली आणि कुजबुज सुरू झाली: जुन्या मेंबरशिपा आता रद्द, यापुढे रात्रीमागे भाडं. त्या भाड्याला व्हर्लीनची महिन्याची पेन्शन दोनच आठवडे पुरली असती. त्यानंतर ट्रेलर विकायचा आणि लिफ्टमध्ये गप्प उभं राहायचं.

तेवढ्यात प्रत्येक जुन्या मेंबराच्या दारात आमंत्रण आलं. कंपनीचा माणूस, ट्रेंट ॲशबॉ, शनिवारी सगळ्यांना रिब्जचं, म्हणजे धुरावर भाजलेल्या डुकराच्या बरगड्यांचं, जेवण देणार. शिवाय प्रत्येकाला एक आरामखुर्ची मोफत.

शेजारच्या ट्रेलरमधला डेल्मर प्रूएट धावतच आला. “व्हर्लीन, वाचलंस का? रिब्ज! माणूस चांगला दिसतोय गं.”

“चांगला? डेल्मर, आपले हक्क खरंच मेले असते तर त्याने आपल्याला हाकलून दिलं असतं. मेलेल्या हक्काला कुणी रिब्ज खायला घालतं का?”

डेल्मर थबकला. “म्हणजे?”

“म्हणजे आपल्याकडे अजून काहीतरी आहे, जे त्याला हवंय. फुकटात काय काय विकत घ्यावं लागतं ते मला विचार. माझा त्यात हातखंडा आहे. जेवण झालं की पुढ्यात कागद येईल. जुनी मेंबरशिप सोडा, नवी घ्या.”

“मग जायलाच नको.”

“रिब्ज सोडून? वेड लागलंय का तुला?”

पण खरी पंचाईत वेगळीच होती. या डोंगरातली माणसं खाल्ल्या मिठाला फार जागतात. विमेवाल्याला लोक कुंपणाबाहेर उभं ठेवतील, पण एकदा त्याच्या हातचं खाल्लं की त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं जमायचं नाही. डेल्मर तर या बाबतीत अगदीच कामातून गेलेला. एका बाईने त्याला घरच्या ॲपल पायचा तुकडा दिला म्हणून त्याने तिच्याकडून तीन मांजरं घेतली होती.

शनिवारी मोठ्या मांडवात सगळे जमले. रिब्ज झकास होत्या, त्याबद्दल कंपनीला नावं ठेवता येणार नाहीत. धुराची चव हाडापर्यंत मुरलेली, वर गोड चिकट सॉस. ट्रेंट टेबलाटेबलांतून हसत फिरत होता. तरणाबांड पोरगा, इस्त्रीचा शर्ट. त्याच्या मागून एक बाई कागदांचा गठ्ठा आणि पेनं घेऊन आली. पहिलाच नंबर डेल्मरचा.

“मिस्टर प्रूएट, इथे जरा सही करता का? म्हणजे खुर्ची लगेच देतो.”

डेल्मरने केविलवाण्या नजरेने व्हर्लीनकडे पाहिलं. त्याचा हात पुढे जायला लागला. मनगटापर्यंत सॉसने माखलेला. तो हात पाहून व्हर्लीनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“अरे अरे डेल्मर! खरकट्या हाताने कागदाला हात लावतोस? आईने काही शिकवलं नाही का? आधी खाऊन घे.” मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बसवाल्या आवाजात ती म्हणाली, “मंडळी, पोराने एवढ्या प्रेमाने बनवून घेतलंय, मागून मागून खा. हात रिकामे ठेवू नका!”

मंडळींना इशारा कळला. ‘नाही’ म्हणायची गरजच उरली नाही, नुसतं खात राहायचं होतं. ट्रेंटने ओले रुमाल मागवले तर लोकांनी आणखी रिब्ज मागवल्या. एका म्हाताऱ्याने पुसलेला हात लगेच सॉसच्या वाटीत परत बुडवला. ट्रेंटने हसून पाहिलं, घाम पुसून पाहिला. शेवटी पातेली रिकामी झाली, ढेकर आले, आणि ‘पोट फार भरलंय बाबा, झोप येतेय’ म्हणत माणसं आपापल्या ट्रेलरकडे निघाली. एकही सही झाली नाही.

“वाचलो,” डेल्मर म्हणाला. “पण उद्या तो दारात येईल. त्याचं खाल्लंय आपण.”

“म्हणून उद्या तो आपलं खाणार,” व्हर्लीन म्हणाली. “फिटंफाट.”

सकाळी ट्रेंट ऑफिसचं कुलूप उघडायच्या आत त्याला मांडवात आणून बसवलं. पुढ्यात गरम बिस्किटं, म्हणजे तिकडचे मऊ जाड पाव, त्यावर सॉसेजची पांढरी दाट ग्रेव्ही, अंडी, घरचा ब्लॅकबेरी जॅम. पोरगा आधी संकोचला, मग तुटून पडला. दुसऱ्यांदा बिस्किटं घेतली तेव्हा व्हर्लीन समोर येऊन बसली.

“कुठला रे तू, बाळा?”

“आर्कान्सा, मॅम. याच डोंगरांच्या पलीकडचा.”

“दिसतंयच. ग्रेव्ही चाटतोयस ना. आता आमचं खाल्लंयस, तर एक खरं सांग. आमचे हक्क जिवंत आहेत की मेले?”

ट्रेंटचा घास तोंडातच राहिला. टेक्सासहून आलेल्या माणसाने बेधडक थाप मारली असती. पण आर्कान्साच्या डोंगरातला पोरगा, बिस्किट तोंडात असताना, त्याला ते जमेना. त्याने घास गिळला आणि मान खाली घातली.

“जिवंत आहेत, मॅम. कंपनीने जमीन घेतली ती तुमच्या हक्कांसकट. तुम्ही स्वतः सही करून सोडलेत तरच ते जातात.”

“हे वकिलासमोर सांगशील?”

“विचारलं तर खोटं नाही बोलणार.”

व्हर्लीनला रडू आलं आणि हसूही. डेल्मरने तर पोराला मिठीच मारली.

त्यानंतर त्यांनी सोपस्कार नीट केले. जुन्या मेंबरांचा संघ काढला आणि गावातल्या वकिलाकरवी कंपनीला कळवलं, की हक्क सोडण्याबद्दल यापुढे कुणा एकट्याला गाठायचं नाही, जे बोलायचं ते संघाशी. कंपनीने थोडी कुरकुर केली. पण उन्हाळा संपायच्या आत तिने लेखी मान्य केलं: जुने मेंबर, जुन्याच अटी, त्यांच्या हयातीपर्यंत.

ट्रेंटची बदली झाली. निघायच्या दिवशी तो व्हर्लीनच्या ट्रेलरपाशी आला आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला.

“आणखी काही विकायचंय का?” तिने विचारलं.

“नाही, मॅम. विचारायचं होतं... ती तुमच्यासारखी जुनी मेंबरशिप कुठे मिळेल का? माझ्या आईसाठी. वडील गेल्यापासून ती घरात एकटीच असते.”

व्हर्लीन हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांत पाणी आलं. “अरे पोरा, ती आता कुठेच मिळत नाही! म्हणून तर आम्ही सोडत नव्हतो.”

“हो, मॅम. आता कळलं.” तो ओशाळून वळला.

“थांब जरा. मेंबराला पाहुणे आणायचा हक्क आहे ना?”

“आहे, मॅम. तोही कायम आहे.”

“मग आईला घेऊन ये. फाटकावर माझं नाव सांग.”