आईनं विसळलेला प्याला

वकीलसाहेबांनी प्याला उजेडात धरला. आत पाहिलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून आतला द्राक्षरस तगरीच्या झाडावर ओतून टाकला.

मी तेरा वर्षांची. दृढीकरण, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होणं, नुकतंच झालेलं. पहिल्याच प्रभुभोजनाला आईशेजारी कठड्याशी गुडघे टेकून बसले होते. मला वाटलं, प्याल्यात माशी पडली. मदत करायची खोड आधीपासूनच, म्हणून मान उंचावून विचारलंही, "माशी होती का?" मागच्या बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसलं.

माशी नव्हती. आईचे ओठ लागले होते.

सदर वस्तीजवळच्या आमच्या त्या ख्रिस्ती देवळात प्याला एकच होता. सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. पण पुढच्या तीन बाकांनी आधी. ती घराणी मूळची वरच्या जातीची. त्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत सगळं भिजलं, जात तेवढी कोरडी राहिली. आम्ही महारवाड्यातून आलेले. बसायचं शेवटच्या बाकावर, प्यायचंही शेवटी. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. त्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, नव्या मुलांनी आईवडिलांबरोबर आधी पुढे यावं. बाबा खापरखेड्याला ड्युटीवर होते. आईला वाटलं, नव्या मुलांत आपली मुलगीही आली. एवढीच तिची चूक.

वकीलसाहेब म्हणजे मंडळीतले सगळ्यात मोठे वडील, म्हणजे कारभारी. त्यांनी रिकामा प्याला आईपुढे धरला.

"बाई, आपली पाळी शेवटी असते. विसळून आणा."

आई उठली. बाहेर नळावर गेली. प्याला विसळला, नव्या लुगड्याच्या पदरानं पुसला, सुरईतून पुन्हा भरला आणि खाली मान घालून त्यांच्या हातात दिला. मग पुढचे तिन्ही बाक प्यायले. गंमत अशी की सुरईत होतं तेही आईच्याच हातचं. इतवारीच्या बाजारातून काळ्या मनुका आणायच्या, शनिवारी उकळायच्या, गाळून द्यायच्या, हे काम वर्षानुवर्षं तिचंच. तिच्या हातचं चालत होतं. तोंडचं नाही.

पाळकसाहेब तोवर पुस्तकात पान शोधत होते. ते त्यांना बऱ्याच उशिरा सापडलं.

घरी जाताना मी विचारलं, "काहून विसळला वं आई?"

"प्याला वकिलाचा नाही, प्रभूचा आहे. म्या प्रभूचा विसळला."

"मंग प्रभूनं त्याईले काहून काही म्हटलं नाही?"

आईनं पाठीत एक धपाटा घातला. तिची उत्तरं बहुधा अशीच असायची.

पुढची दहा वर्षं मी देवाशी बोलले नाही. तोही समजूत काढायला आला नाही. देवळात मात्र जात राहिले. मागच्या बाकावर आई एकटी पडू नये म्हणून.

नर्स झाले. आमच्या वॉर्डात इतवारीतली एक म्हातारी आली, हातगाडीखाली पाय सापडलेली. बौद्ध होती. सगळे तिला आजी म्हणायचे. एकदा लागोपाठ दोन ड्युट्या पडल्या. पोटात अन्न नाही. आजीच्या खाटेजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी स्टुलावर बसकण मारली. पेशंटनं नर्सला सावरायचं, हा मान आमच्या वॉर्डात माझाच. आजी स्टीलच्या गिलासातून चहा पीत होती. तिनं तो पुढे केला.

"घे. अर्धा म्या पेला आहे. चालते का तुले?"

मी प्यायले. थंडगार, वर साय धरलेला, साखर ढीगभर. तो घोट घशाखाली उतरला आणि मला रडू फुटलं. प्रभूनं शिष्यांना पहिलं प्रभुभोजन दिलं तेव्हा प्याला असाच फिरला असणार. कोळ्याच्या हातून जकातवाल्याच्या हातात, त्याच्याकडून दगाबाजाकडेही. मध्येच कोणी विसळून आणल्याचं मी तरी कुठं वाचलेलं नाही. दहा वर्षं ज्याच्याशी बोलले नव्हते तो मला त्या खाटेवर भेटला, मोडका पाय प्लास्टरमध्ये घालून.

त्या भरात आजीला मी सगळं सांगितलं. 

"धरम बदलला तुमी," ती म्हणाली, "न् बसाची जागा तेच ठेवली काय वं?"

मला राग आला. तिचाच. दोन दिवस तिचं इंजेक्शन मी जरा जोरातच टोचलं असेल. तिसऱ्या दिवशी कळलं की सुई चुकीच्या माणसाला टोचून राहिले आहे.

आई थकली होती. मनुका उकळायचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आलं होतं. पुढच्या प्रभुभोजनाला मी आईला धरून थेट पहिल्या बाकावर नेलं.

"चाल ना वं पोरी, मागं बसू," आई कुजबुजली.

"नाही."

बोलावणं झालं तशी मीच आधी उठले. आई प्यायली. मी प्यायले, घोटभर नाही, चांगलं गटगटा. वकीलसाहेब आता म्हातारे झाले होते, पण हात तसाच पुढे आला. मी प्याला सोडला नाही.

"सिस्टर, इकडे द्या. विसळायला हवा."

"काहून?" मी म्हटलं. "गाळायच्या आधी मी चमच्यानं चाखते. तोच चमचा परत पातेल्यात घालते. दोन वर्षं झाली. तुम्ही सगळे माझं उष्टंच पिऊन राहिले आहात."

वकिलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. तो चेहरा मी अजून जपून ठेवला आहे. कधी उदास वाटलं की काढून पाहते. पाप असेल. असू दे.

खरं तर मी खोटं बोलले होते, तेही प्रभूच्या मेजापुढे. मी कधीच चाखलं नव्हतं. पुढच्या शनिवारपासून मात्र न चुकता चाखते, म्हणजे खोट्याचं पाप राहायला नको. ही गोष्ट सुरू केली की माझी पोरं म्हणतात, "आली चमचेवाली बाई." हसू देत. त्यांना पुढच्या बाकावर बसून हसता येतं.

तिन्ही बाक त्या दिवशी न पिताच उठले. चौथ्या दिवशी देवळाच्या कमिटीचं पत्र आलं. भर मंडळीत माफी मागा, नाहीतर मायलेकींना प्रभुभोजन बंद.

आई म्हणाली, "लिहून दे वं माफी. प्रभू तर क्षमा करा म्हणते."

"त्याच्या आईला कोणी प्याला विसळायला लावला नव्हता," मी म्हटलं. "तो करेल क्षमा. मी करत नाही."

उत्तर मी माझ्या वाईट अक्षरात लिहिलं आणि स्वतः नेऊन वकीलसाहेबांच्या हातात ठेवलं: येत्या प्रभुभोजनाला माझी आई पहिल्या बाकावर बसेल. प्याला आधी तिच्या ओठांना लागेल, मग माझ्या. कोणी विसळणार नाही. आमच्यामागून ज्याला प्यायचं नसेल, त्यानं तहानलेलं घरी जावं.