मशीनची तब्येत

"थांबा जी, आधी तिची तब्येत पाहू द्या," असं म्हणत आमच्या फिजिक्सच्या मॅडम कम्प्युटरच्या पाठीवर तळहात टेकवायच्या. पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत ती मशीन आली, तेव्हा आम्ही सगळ्या मास्तरांनी चपला बाहेर काढून तिचं दर्शन घेतलं होतं. मॅडम सावरगावच्या शेतकऱ्याघरच्या सून. त्यांनी तिला गोठ्यातल्या गाईसारखं जवळ केलं.

ट्रेनिंगहून येताना त्यांनी एक फ्लॉपी आणली होती. ती घातली की मशीन स्वतःचीच तपासणी करायची. मेमरीत अक्षरं लिहायची, परत वाचायची आणि कुठं चुकलं तर पडद्यावर सांगायची. मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवायचो. सुट्टीत डोकावलो की मॅडम दबक्या आवाजात म्हणायच्या, "तपासून राहिली मी. बोलू नका." जसं काही माझ्या बोलण्यानं मशीनचा हिशेब चुकणार होता!

एका उन्हाळ्यात रामाकोना गावची एक मुलगी भर दुपारी टाइप करत असताना पडदा भलत्याच खुणांनी भरला आणि मशीन अडकली. ही मुलगी मामाकडे राहून शिकत होती. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या प्राचार्यांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. "पोरीनं सरकारी मशीन बिघडवली," म्हणाले. वडील बिचारे घाबरले. "घरी घेऊन जातो जी तिले. नाही शिकवत आता."

"भाऊ, थोडं थांबा," म्हणत मॅडमनी सगळ्यांसमोर फ्लॉपी घातली. तपासणी झाली. सगळं ठीक!

"पाहा," मोठे सर म्हणाले, "मशीन चांगली आहे. खराबी पोरीच्या हातात आहे."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा मशीनच्या पाठीवर हात ठेवला. "सर, सकाळची गार आहे ती. बसा. तापू द्या."

चहा आला, संपला. तपासणी परत परत चालूच होती. मोठे सर उठले. वडिलांनी पिशवी उचलली, पोरीचा हात धरला. मॅडम दारात आडव्या आल्या. "भाऊ, मी परकी बाई थांबून राहिली तुमच्या पोरीसाठी. तुम्ही काहून घाई करता?"

वडील खाली बसले. आणि जरा वेळानं मशीन अडकली. मेमरीत चूक आहे, असं पडद्यावर आलं. मुलगी तर मशीनच्या आसपासही नव्हती.

मॅडमनी मशीन बंद करून गार होऊ दिली, पुन्हा तपासली. गार असताना ठीक, तापली की त्याच जागी चूक. मोठ्या सरांनी चष्मा पुसला. "मेमरीच खराब म्हणायची," एवढंच बोलले.

वडिलांना पडद्यावरचं काही कळलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे, पोरीनं नाही तोडली?"

"नाही भाऊ. तिनं काहीच नाही केलं."

तोवर कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली मुलगी तेव्हा रडली. मॅडमनी तिला जवळ घेतलं नाही. "डोळे पूस, ये इकडे," म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची ओढली. तपासणी कशी करायची, ते तिला तिथंच दाखवलं.

पुढच्या वर्षी मॅडमची बदली झाली. मुलीचे वडील संत्र्यांची टोपली घेऊन बस स्टँडवर आले आणि मॅडमची पेटी बांधायला स्वतःच टपावर चढले. बस हलली तरी गाठ आवळतच होते. कंडक्टरनं ओरडून त्यांना उतरवलं.

आम्ही शाळेत परतलो. नवीन कोणी येईपर्यंत म्हणून मोठ्या सरांनी कम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावलं होतं. खिडकीचे गज धरून रामाकोन्याची ती मुलगी आणि तिची मैत्रीण आत पाहत उभ्या होत्या.